बैलांची झडती

शहराच्या कडेला वसलेल्या बेसात शामला भोयर यांचं घर विचारलं तर लोक नुसता पत्ता सांगत नाहीत, सोबत चालू लागतात. सांगणाऱ्यालाही त्यांच्याकडे काहीतरी काम असतंच. या भागात शेतं जास्त आणि फ्लॅट कमी होते तेव्हापासून त्या गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घेतात. त्यांच्या हाताखालून गेलेली पोट्टी आता आपापली पोट्टी घेऊन त्यांच्या दारात उभी राहतात. नवरा मुकुंद गांधीबागेत कापडाच्या ठोक दुकानात बसतो. शांत माणूस. घरात बोलण्याचं खातं सगळं शामलाताईंकडे आहे आणि त्याबद्दल त्यानं आजवर कुरकुर केलेली नाही.

स्वभाव सांगायचा तर, घरात नवी वस्तू आली की ती आधी उघडून पाहायची, मग वापरायची. मिक्सर आला तेव्हा त्याचा तळ खोलला, पाण्याचं मशीन आलं तेव्हा बसवणाऱ्या माणसाला त्यांनी इतके प्रश्न विचारले की तो चहा न घेताच निघून गेला. "आपल्या घरात राहणार आहे ना ते? मग त्याच्या पोटात काय आहे हे आपल्याले माहीत नको?" असा त्यांचा रोकडा सवाल असतो.

एआय त्यांच्या घरात आलं ते शिकवणीच्या वाटेनं. ध्वनी म्हणजे काय, एवढं साधं लिहून आणायला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सगळ्या पोरांच्या वहीत पहिलंच वाक्य एक: ध्वनी हा निसर्गाचा मनोवेधक आविष्कार आहे. नववीतल्या अंकितला त्यांनी ते मोठ्यानं वाचायला लावलं, तर तो 'मनोवेधक'पाशी असा अडकला की शेजारच्या पोरीला हसू आवरेना. दुसरी कोणी बाई असती तर तिनं वह्या भिरकावल्या असत्या. शामलाताईही हसल्या. "कोण आहे हा तुमचा मनोवेधक मास्तर? मलेही भेटवा," म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून रोज दुपारी भांडी आवरली की मोबाईल घेऊन त्या मास्तरासमोर बसू लागल्या. त्याला सोपं विचारलं, अवघड विचारलं, मुद्दाम चुकीचं विचारलं. तो कुठे खरंच हुशार आहे, कुठे नुसता वेळ मारून नेतो, हे हळूहळू त्यांच्या लक्षात येत गेलं. मिक्सर खोलला होता तसाच हाही खोलला म्हणा ना.

मग त्यांनी रविवारचा वर्ग काढला, सोसायटीच्या हॉलमध्ये. पोरांना एआय शिकवणारे क्लास गल्लोगल्ली निघाले होते. शामलाताईंचा वर्ग आईबापांसाठी होता. नियम एकच, पण सक्त: पोरगं सोबत असल्याशिवाय आईबापानं यायचं नाही, आणि आईबाप सोबत असल्याशिवाय पोरानं यायचं नाही. दोघांत मिळून मोबाईल एक.

"पोरं तर शिकूनच राहिली," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "मागं तुम्ही पडले. आणि मागं पडलेला माणूस एक तर चिडते, नाही तर हात टेकते. दोन्हीनं घर चालत नाही."

लोकांना हे झोंबलं, पण पटलं. वर्ग भरू लागला.

श्रावण सरत आला तेव्हा सरिता झाडे त्यांच्याकडे आली. खालच्याच मजल्यावर राहणारी, एरवी हसतमुख बाई. नवरा केशव कळमन्याच्या बाजारात संत्र्याचा अडत्या, म्हणजे शेतकऱ्यांचा माल बोली लावून विकून देणारा. भल्या पहाटे जाणारा, दुपारी घसा बसवून परत येणारा. मुलगी गुंजन सहावीत.

"ताई, माया घरात मी पोस्टमन होऊन गेली," सरिता म्हणाली. "हे म्हणतात, तुया पोरीले सांग जेवून घे म्हणा. ते म्हणते, तुया नवऱ्याले सांग मले भूक नाही म्हणा. दोघं एकाच टेबलावर बसून राहतात आणि निरोप मायाकडून जातात!"

सांगता सांगता तिला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. झालं होतं ते असं. गुंजनला लहानपणापासून प्रश्न फार. दिवसा आभाळात चंद्र काहून दिसते, असं तिनं कधीतरी विचारलं होतं, तेव्हा केशवनं ठोकून दिलं होतं, "तो चंद्र नसते वं, ढगाचा तुकडा असते." पोरीनं ते मनात धरून ठेवलं. वर्गात सांगितलं, तर सगळा वर्ग हसला. मग तिनं मोबाईलमधल्या एआयला विचारलं, त्यानं नीट समजावून सांगितलं. तेव्हापासून तिचे सगळे प्रश्न तिकडे वळले. त्यात राखीच्या दिवशी घरी केशवची बहीण, मेहुणे, त्यांची पोरं, सगळे जमलेले असताना गुंजन चंद्र-ताऱ्यांचं काही सांगत होती, तेव्हा कोणीतरी तिला कौतुकानं विचारलं, "हे सगळं तुले बाबा शिकवते का?" आणि गुंजन सरळ म्हणाली, "बाबा काहीही सांगतात. मी त्यायले विचारतच नाही आता. मोबाईलले विचारते."

भर पाहुण्यांत केशवचं तोंड उतरलं. त्यानं मोबाईल तिच्या हातून हिसकला आणि कपाटात टाकून कुलूप लावलं. त्या दिवसापासून गुंजननं बापाशी बोलणं टाकलं. पहिल्या दिवशी वाटलं, पोरीचा रुसवा आहे, निवळेल. निवळला नाही. घरात 'बाबा' हा शब्दच ऐकू येईना.

"त्यायले वाटते, पोरगी हातातून गेली," सरिता म्हणाली. "रात्री जेवताना म्हणून राहिले होते, मी आठवी शिकलेला माणूस, मायापाशी आता तिले द्यायले काय आहे?"

शामलाताईंना हे ऐकून मनापासून वाईट वाटलं. पण वाईट वाटून घेत बसणं हा त्यांचा पिंड नाही. "कपाट उघडा," त्या म्हणाल्या, "मोबाईल काढा आणि रविवारी तिघंही वर्गाले या. तान्ह्या पोळ्यापर्यंत तुझी पोरगी बापाशी बोलली नाही तर मी वर्ग बंद करीन."

सरिता गेल्यावर मुकुंद वर्तमानपत्राआडून म्हणाला, "शब्द जरा जास्तच देऊन नाही राहिली का तू?"

"जमते," शामलाताई म्हणाल्या. आत कुठेतरी त्यांनाही ते थोडं जास्तच वाटलं होतं, पण नवऱ्यासमोर तसं कबूल करण्याइतकी वेळ अजून आली नव्हती.

रविवारी हॉल भरला. झाडे कुटुंब मागच्या रांगेत बसलं. एका बाजूला केशव, दुसऱ्या बाजूला गुंजन आणि मध्ये पोस्टमन. वर्ग सुरू व्हायच्या आधीच सोसायटीचे सचिव गणपतराव उठले. निवृत्त माणूस, आवाज मोठा. पोळा तोंडावर आला होता आणि त्यांना भारी चिंता लागली होती.

"आजकालची पोट्टी लाकडी बैल घेऊन येतात, बैलाले लायटिंग करतात, फोटो काढतात," ते म्हणाले. "पण झडती कोणाले येते? एकालेही नाही! पोळ्यात झडती नाही म्हणजे काय मजा राहिली?"

आपल्याकडे पोळ्याला बैलांच्या तोरणाखाली उभं राहून खड्या आवाजात यमक जुळवून म्हणतात ती झडती. कोणाची टर उडवायची, कोणाला चिमटा काढायचा, आणि शेवटी सगळ्यांनी हर हर महादेव म्हणायचं. मोठ्यांच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा, त्यातही पोरं झडती म्हणत. म्हणत, म्हणजे पूर्वी म्हणत.

शामलाताईंना आयताच विषय मिळाला. एरवी त्या वर्गात जे करून दाखवायचं ते घरी आधी करून पाहत. त्या दिवशी पाहिलं नाही. आत्मविश्वास असला की माणूस कधीकधी तयारी खुंटीला टांगतो.

"टेन्शन काहून घेता गणपतराव? आत्ता यालेच मागू," त्या म्हणाल्या. भिंतीवर मोबाईलचा पडदा मोठा करून दिसेल अशी सोय होती. त्यांनी सगळ्यांदेखत लिहिलं: पोळ्यासाठी बैलांची एक छान झडती लिहून दे.

मास्तर क्षणभर थांबला आणि भराभर लिहू लागला. 'पोळ्याच्या दिवशी बैलांची झडती घेताना पुढील काळजी घ्यावी. झडतीच्या वेळी दोन प्रतिष्ठित पंच उपस्थित असावेत. बैलाची झूल, घुंगरमाळ व शिंगांवरील सजावट काळजीपूर्वक तपासावी. आक्षेपार्ह वस्तू आढळल्यास ती मालकासमक्ष ताब्यात घ्यावी.'

एक क्षण हॉलमध्ये कोणालाच काही उमगलं नाही. मग गणपतरावांनी "अरे, यानं तर बैलावर पोलीस सोडले!" म्हणून मांडीवर थाप मारली आणि सगळा हॉल फुटला. आयाबाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. एका पोरानं दाखवायला आणलेल्या आपल्या लाकडी बैलाला हात वर करायला सांगितलं. "मॅडम, पंच कोणाले करू?" असं मागून कोणीतरी ओरडलं. शामलाताईंचे कान तापले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचं त्यांच्याच वर्गात हसं झालं होतं.

त्यांनी पाण्याचा घोट घेतला. मग त्याही हसल्या, अगदी मोकळ्या.

"हसून घ्या पोटभर," त्या म्हणाल्या. "आणि मग सांगा, तुम्ही काहून हसले? कारण झडती म्हणजे काय ते तुम्हाले माहीत आहे. बाकी महाराष्ट्रात झडती पोलीस घेतात, आपल्याकडे झडती पोरं म्हणतात. याच्या वाचनात पोलीसवाली जास्त आली, आपली कमी. आता विचार करा, ज्या गोष्टीतलं तुम्हाले काहीच माहीत नाही, तिथं हा असाच चुकला असता तर? हसले असते का तुम्ही? खरं समजून घरी घेऊन गेले असते. म्हणून माझं म्हणणं आहे, पोरासोबत बसून याले पहिला प्रश्न विचाराल तो तुम्हाले पक्कं माहीत असलेल्या गोष्टीतला विचारा. आपलं गाव, आपला धंदा, आपल्या घरची भाजी. तिथं त्याची परीक्षा घ्या. पोरांले ती परीक्षा पाहू द्या."

शामलाताई आता रंगात आल्या.

"अजून एक गंमत पाहा." त्यांनी लिहिलं: बेसाच्या प्रसिद्ध सोनपंखी झडतीचा इतिहास सांग. "असं काही जगात नाही बरं. हे नाव मी आत्ता इथं उभ्या उभ्या बनवलं."

मास्तरानं दोन लांबलचक परिच्छेद लिहिले. सोनपंखी झडती कोणी रचली, कोणत्या काळात रचली, तिच्यात सोनेरी पंखांचा बैल कशाचं प्रतीक आहे, सगळं. वाचताना लोकांनी तोंडात बोटं घातली. गणपतराव तर क्षणभर खरंच मानून बसले होते, "आपल्या बेसाची?" म्हणून विचारून गेले.

"हा खोटारडा नाही," शामलाताई म्हणाल्या. "बरेचदा बरोबर सांगते, कधीकधी 'माहीत नाही' असंही म्हणते. पण सवय कमी. घरी आलेला नवा जावई पाहा, कोणी काही विचारलं की हो हो म्हणते, कारण नाही म्हणायले लाजते. तसं आहे याचं. माहीत नसलं तरी ऐटीत सांगते."

मागच्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. केशव झाडे उभा राहिला होता. बाजारात शेकडो माणसांत बोली लावणारा तो माणूस इथे मात्र हळूच बोलला.

"मायासारखंच हाय हे," तो म्हणाला.

लोक पुन्हा हसणार होते, पण त्याचा चेहरा पाहून कोणी हसलं नाही. तो शामलाताईंकडे पाहत नव्हता. सरिताच्या पलीकडे मान खाली घालून बसलेल्या पोरीकडे पाहत होता.

"गुंजन, तो दिवसाचा चंद्र," तो म्हणाला. "मले नव्हतं माहीत वं. मी फेकलं. माहीत नाही म्हणायची लाज वाटली मले. आपल्या पोरीपुढं कसं म्हणायचं, असं वाटलं."

एवढं बोलून तो खाली बसला. आता बोलेल, आता बोलेल, म्हणून शामलाताई गुंजनकडे पाहत राहिल्या. गुंजनचे कान लाल झाले होते. थोड्या वेळानं तिनं आईच्या कानाला लागून विचारलं, पण हॉलभर ऐकू आलं, "आई, बाबाले विचार, त्यायले झडती येते का."

"मी नाही विचारत," सरिता म्हणाली. "मी पोस्टाची नोकरी सोडली आजपासून. तूच विचार."

गुंजननं विचारलं नाही. वर्ग संपला, लोक पांगले. जाताना गणपतरावांनी शामलाताईंचं तोंडभर कौतुक केलं, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. बापानं सगळ्यांदेखत आपली चूक ओंजळीत घेऊन पुढे केली आणि पोरीनं ती घेतली नाही, हे त्यांना लागलं होतं. घरी येऊन त्या मुकुंदला म्हणाल्या, "वर्ग बंद करायची पाळी येते वाटते." मुकुंदनं पेपर खाली ठेवला. त्याला बायकोची ही भाषा नवी होती.

बुधवारी सरिता जिन्यात भेटली. तिच्या चेहऱ्यावर हसावं की कपाळाला हात लावावा, असे भाव होते.

"बोलले का?" शामलाताईंनी अधीर होऊन विचारलं.

"एकमेकांशी नाही. पण ताई, काल मोबाईल टेबलावर मध्यात ठेवला होता. हे मोबाईलले म्हणून राहिले, हे पाहा भाऊ, झडती म्हणजे पोलिसाची नव्हे, आमच्या गावात असं असं म्हणतात. आणि हे पोरगी ते सगळं टाइप करून राहिली. तिकडून उत्तर आलं की तेही मोठ्यानं वाचते, पण पाहते भिंतीकडे. यायले पूर्ण झडती एकही येत नाही, सगळ्या अर्ध्याच आठवतात. मग तो मोबाईल जोडून देते, आणि मग दोघंही एकदमच म्हणतात, नाही नाही, हे बरोबर नाही!"

शामलाताई जिन्यातच कठड्याला टेकून हसल्या. दोघांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं होतं, आणि तेही मोबाईलच्या चुकीवर. त्यांना इतकं बरं वाटलं की भाजी घ्यायला निघाल्या होत्या ते विसरून त्या तशाच वर आल्या.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सकाळी अर्धी सोसायटी गावात मारबतीची, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या काळ्या-पिवळ्या पुतळ्यांची, मिरवणूक पाहून आली, आणि संध्याकाळी खाली मैदानात तोरण लागलं. लाकडी बैल रांगेत उभे राहिले, कोणाला गोंडे, कोणाला मोराची पिसं. बक्षीस कोणाच्या बैलाला, याच्या पैजा लागत होत्या. शामलाताईंना बैल दिसत नव्हते. गर्दीच्या टोकाला हाताची घडी घालून उभा असलेला केशव तेवढा त्यांना दिसत होता.

गणपतरावांनी माइकवरून विचारलं, "झडती कोण म्हणणार?" पोरं एकमेकांच्या मागे लपली. मग घागरा सावरत गुंजन पुढे आली. बैल तिनं छातीशी धरला होता. शामलाताईंनी मुकुंदचं मनगट घट्ट पकडलं.

पोरीनं खडा आवाज लावला. तो आवाज कुठून आला हे सांगावं लागत नव्हतं. कळमन्याच्या बाजारात रोज सकाळी तोच घुमत असतो.

"मोबाईलले मांगली पोळ्याची झडती,
त्यानं पाठोली पोलिसाची वर्दी!
बैल म्हणे, सायेब, झूल तरी सोडा,
शिंगाचा रंग तर ओलाच हाय थोडा!"

हर हर महादेव! लोकांनी आरोळी दिली. ज्यांना रविवार ठाऊक होता ते हसून लोळायचे बाकी राहिले. गुंजन थांबली नाही. तिनं मान वळवली आणि गर्दीच्या टोकाला नेमकं पाहून म्हणाली,

"घरात माया मास्तर दोन, दोघंबी भारी,
माहीत नसलं तरी फेकतात सारी!
एक म्हणे सॉरी, पुन्हा चुकते बिचारा,
बाबा म्हणे माहीत नाही, तो मास्तर माया खरा!"

हर हर महादेवची आरोळी या वेळी उशिरा उठली. केशवनं हाताची घडी सोडली होती, आणि सोडलेल्या हातांचं काय करावं ते त्याला कळत नव्हतं. शेवटी त्यानं दुपट्ट्यानं तोंड पुसलं, दोनदा, तीनदा. शामलाताईंनी मुकुंदचं मनगट सोडलं तेव्हा तिथे चार बोटांच्या खुणा उठल्या होत्या. त्या रडत होत्या आणि त्याची त्यांना अजिबात लाज वाटत नव्हती.

दिवेलागणीनंतर पोरं बैल घेऊन बोजारा, म्हणजे पोळ्याचा खाऊ नाही तर पैसे, मागायला घरोघर फिरू लागली. शामलाताईंनी दार उघडलं तर समोर गुंजन, आणि तिच्या मागे बैलाची दोरी हातात घेतलेला केशव. शामलाताईंनी बैलाला ओवाळलं, पोरीच्या हातावर बोजारा ठेवला.

"बाबा, मारबत काळी काहून आणि पिवळी काहून?" गुंजन विचारत होती. "आणि बाबा, लाकडाचा बैल पहिले कोणी बनवला असन? बाबा, तुम्ही झडती म्हटली तेव्हा तुम्हाले मार काहून पडला होता, ते अर्धंच सांगतलं तुम्ही."

केशवनं शामलाताईंकडे पाहिलं. बाजारात सकाळभर ओरडूनही न थकणारा तो माणूस दमलेला दिसत होता.

"ताई, झडती झाल्यापासून एका मिनिटाची फुरसत नाही," तो म्हणाला. "तुमच्या वर्गात आता हिले गप्प कसं करायचं तेही शिकवा."

"ते मले माहीत नाही," शामलाताई म्हणाल्या.

तोवर गुंजन जिन्याच्या खालच्या वळणावर पोचली होती. तिथून हाक आली, "बाबा, चाला ना लवकर! अजून एक विचारायचं आहे!"

केशव पायऱ्या उतरू लागला. उतरता उतरता त्याचा आवाज वर आला, बोली लावताना लागतो तसा, पूर्ण जिना भरून.

"विचार वं, विचार!"